कालवं कुठली?

आमच्या गोव्यात मासळीवर बोलायला कुणालाही निमित्त लागत नाही. इसवण महाग झाला, बांगडा आला, सुंगटं यंदा बारीक आहेत, ही चर्चा लग्नाच्या मांडवात चालते आणि बाराव्याच्या जेवणातही चालते. शिंपल्यातल्या मासळीला मात्र एवढा मान मिळत नाही. तिसऱ्या आल्या की सुकं करायचं, खुबे आले की तोणाक, शिणाणे मिळाले तर भाग्य, एवढ्यावर विषय संपतो. कालवांचं तर आणखीनच वेगळं. ज्यांना ती आवडतात ते त्यांच्यासाठी अख्खी सकाळ घालवतील, आणि ज्यांना आवडत नाहीत ते ताटाकडे बघणारसुद्धा नाहीत.

कोंकणीत आपण 'काल्वां' म्हणतो. मराठीत 'कालवे' लिहायला गेलं तर वाचणाऱ्याला तिळारीचे कालवे आठवायचे! म्हणून मी आपली 'कालवं' लिहिते. मालवण-रत्नागिरीकडेही तोच शब्द आहे, आणि खाणारेही आपल्यासारखेच आहेत.

माझं माहेर डिचोलीचं. आमच्याकडे कालवं यायची ती बाजारातून, सोललेली. मासळीवालीच्या भांड्यात ती गढूळ पाण्यात असायची आणि ती वाटा लावून द्यायची. आई ती धुऊन रव्यात घोळायची आणि तव्यावर टाकायची. त्यामुळे कालव म्हणजे एक मऊ, करडी, बिनहाडाची वस्तू अशीच माझी लहानपणी कल्पना होती. त्याला घर असतं, ते घर दगडाला चिकटलेलं असतं आणि ते उघडायला अर्धा जन्म लागतो, हे मला लग्नानंतर कळलं. कारण सासर मिळालं झुआरीच्या काठचं.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळी आई म्हणतो. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत. पण माझ्या लग्नाच्या वेळी त्या पासष्टीच्या आत होत्या आणि सुकती बघून नदीत उतरायच्या. सुकती म्हणजे ओहोटी. त्यांना त्यासाठी कुठला तक्ता लागत नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी बघायची, की झालं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी पाणी सगळ्यांत खाली जातं. भरती आणि सुकती यांच्यात त्या दिवसांत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. एरवी पाण्याखाली असलेली खडपं तेव्हा उघडी पडतात. अष्टमीला पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, म्हणून अष्टमीला कुणी कालवांना जात नाही.

जाताना जुनी साडी वर खोचलेली, पायांत घट्ट चप्पल, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात छोटा कोयता. चप्पल नसेल तर पाय वाचत नाहीत. कालवाची कड वस्तऱ्यासारखी असते. शेजारच्या दोघीतिघी बरोबर असायच्या. बायकांची ही मासेमारी कुणी मासेमारी म्हणून मोजत नाही. तिला होडी लागत नाही, जाळं लागत नाही. पण कित्येक घरांतलं रविवारचं जेवण यावर झालेलं आहे.

कालव काढायच्या दोन पद्धती. एक म्हणजे खडपावरच कोयत्यानं वरचं झाकण उडवायचं आणि आतलं मांस काढून डब्यात टाकायचं. खालचा शिंपला दगडाला तसाच राहतो. विकणाऱ्या बहुतेकजणी असंच करतात, कारण डबा हलका राहतो. दुसरी पद्धत म्हणजे ठोके देऊन अख्खं कालव सुटं करायचं आणि घरी आणून उघडायचं. ही कष्टाची, पण घरच्यांसाठी आणायचं तर हीच चांगली. मिटलेलं कालव जिवंत असतं. सोललेल्या मांसाकडे बघून ते कधी मेलं हे सांगता येत नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम निवडण्याचं. तोंड घट्ट मिटलेलं आहे, ते चांगलं. जरासं उघडं असेल तर सुरीच्या मुठीनं टकटक करायचं. मिटलं तर ठेवायचं, नाही मिटलं तर टाकून द्यायचं, जीव तुटला तरी टाकायचं. दोन कालवं एकमेकांवर आपटून बघायची. भरलेलं दगडासारखं वाजतं, मेलेलं पोकळ वाजतं. मग नळाखाली धरून ब्रशनं किंवा नारळाच्या काथ्यानं खसाखसा घासायची, कारण वरचा चिखल आत गेला की मग मांस कितीही धुवा, उपयोग नाही. तिसऱ्या आपण रेती सोडण्यासाठी मिठाच्या पाण्यात ठेवतो. कालवांना ते लागत नाही, आणि गोड्या पाण्यात तर ती मुळीच ठेवू नयेत, मरतात. त्याच दिवशी करायची नसतील तर ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड जागी ठेवावीत. पण शक्यतो त्याच दिवशी करावीत.

आता उघडणं. डाव्या हातात जाड फडका घडी करून घ्यायचा आणि त्यावर कालव ठेवायचं, खोलगट बाजू खाली, चपटी वर. दोन शिंपले जिथं जोडलेले असतात त्या टोकाला बिजागरी. तिथं बोथट, आखूड पात्याच्या सुरीचं टोक घालायचं आणि किल्ली फिरवावी तसं फिरवायचं. टक् असा बारीक आवाज येतो. मग पातं वरच्या शिंपल्याला घासत आत न्यायचं. तिथं एक जाड स्नायू असतो, तो कापला की झाकण आपोआप सुटतं. तोच स्नायू खालूनही कापायचा. आतलं पाणी सांडू द्यायचं नाही, ते एका वाटीत गोळा करायचं.

मी पहिल्यांदा बसले तेव्हा दहा मिनिटांत एकही उघडलं नव्हतं. आई बाजूला बसून माझी दहा होईपर्यंत त्यांची वीस करत होत्या. मी जोर लावते आहे हे बघून म्हणाल्या, "बळान न्हय गो, नदरेन." म्हणजे ताकदीनं नको, नजरेनं. प्रत्येक कालवाचा आकार वेगळा असतो, कारण ज्या खाचेत ते वाढलं त्या खाचेचा आकार ते घेतं. आधी बघायचं, बिजागरी सापडली की मगच सुरी लावायची. हे एकदा हाताला कळलं की पन्नास कालवं तासाभरात होतात. पन्नासांतून नदीतली मोठी असतील तर दीड-दोन वाट्या मांस निघतं, खडकावरची बारकी असतील तर फारच कमी.

ज्यांना सुरीची भीती वाटते त्यांनी तोपात दोन बोटं पाणी घालून, झाकण ठेवून कालवं वाफवावीत. पाच-सात मिनिटांत तोंडं उघडतात. नंतरही आणखी तीन-चार मिनिटं वाफ द्यावी. जी उघडणार नाहीत ती फेकावीत. चव थोडी जाते, पण हात वाचतो.

आमच्या घरचं सुकं अगदी साधं. जमा केलेलं पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यायचं, तळाशी शिंपल्याचे कण राहतात. खोबरेल तेलात दोन कांदे बारीक चिरून परतायचे, दोन-तीन हिरव्या मिरच्या, हळद, थोडं तिखट. मग कालवं आणि त्यांचंच गाळलेलं पाणी. वेगळं पाणी घालायचं नाही. कढ आला की घड्याळाकडे बघून निदान तीन-चार मिनिटं उकळू द्यायचं. मग तीन सोलां, मूठभर ओल्या नारळाची सोय, एक वाफ, वरून कोथिंबीर. मीठ अगदी शेवटी, चाखून. कालव स्वतःबरोबर खाडीचं मीठ घेऊन येतं, आधी घातलं तर भाजी खारट झालीच म्हणून समजा. तेवढ्या वेळात शिजलेलं कालव मऊ राहतं. अर्धा तास ठेवलंत तर त्याचं रबर होतं आणि मग पाहुणे शिष्टाचार म्हणून चावत बसतात.

मुलांना रव्यातली आवडतात. हळद, तिखट, मीठ आणि आगळ लावून दहा मिनिटं ठेवायची, तांदळाचं पीठ मिसळलेल्या रव्यात घोळायची, आणि चांगल्या तापलेल्या भरपूर तेलात तीन-चार मिनिटं तळायची. शेलो-फ्राय करताना गर्दी करायची नाही, कारण कालवं पाणी सोडतात आणि रवा गळून पडतो. तोणाक करायचं तर नेहमीचंच भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. पण मला विचाराल तर वाटणात कालवाची चव बुडते.

इथपर्यंत सगळं स्वयंपाकाचं. पण कालवांच्या बाबतीत स्वयंपाकाच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो आई नेहमी विचारायच्या. कुणी कालवं दिली की 'केवढ्याला?' विचारण्याआधी त्या विचारायच्या, "खंयचीं?" कुठली?

मला आधी ती चवीची चोखंदळपणा वाटायची. ते तर आहेच. समुद्राच्या तोंडाशी वाढलेलं कालव जास्त खारट असतं, आत नदीत वाढलेलं सौम्य. काणकोणच्या गालजीबागची मोठाली कालवं खायला लोक मुद्दाम तिथं जातात. पण त्या प्रश्नाचं दुसरं कारण कालवाच्या जगण्यात आहे. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं. मग त्याला एखादा दगड, कांदळाचं मूळ, पुलाचा खांब सापडतो. तिथं ते चिकटतं आणि नंतर मरेपर्यंत हलत नाही. अन्न शोधायला जात नाही, अन्न आणणारं पाणीच आपल्या अंगातून गाळत बसतं. मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं. त्यात जे असेल ते त्याच्या अंगात येतं. सूक्ष्म वनस्पती असतील तर त्या, आणि कुणाच्या संडासाचं पाणी असेल तर त्यातले जंतूही. मासा घाण पाण्यातून पळू शकतो. कालव तिथंच राहतं.

म्हणूनच पावसाळ्यात आमच्याकडे कालवं खात नाहीत. पावसात नदी गोडी होते, कालवं मिटून राहतात, अंगात काही उरत नाही, आणि डोंगरावरचं सगळं वाहून खाली आलेलं असतं. दिवाळीनंतर पाणी पुन्हा खारं होतं, तेव्हा हंगाम सुरू होतो. जुन्या लोकांनी जंतूंची नावं ऐकली नव्हती, पण एवढं त्यांना कळत होतं.

कच्चं कालव लिंबू पिळून खायची पद्धत आता आपल्याकडच्या हॉटेलांतही दिसते. ज्या देशांत ती रुजली आहे तिथं कालवांच्या पाण्याची नियमित तपासणी होते, आणि तरीही लोक आजारी पडतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी तर कच्च्या कालवाच्या वाटेलाच जाऊ नये, खाऱ्या पाण्यातले काही जंतू अशा माणसांच्या जिवावर उठतात. शिजवल्यानं जंतू मरतात. पण सगळंच शिजवून जात नाही. पाण्यात विषारी शेवाळाची वाढ झाली तर ते विष उकळूनही शिंपल्यात राहतं. १९८३ साली मंगळूरजवळ शिंपले खाऊन माणसांना विषबाधा झाली होती, ती याच प्रकारची. तेव्हा 'कुठली?' या प्रश्नाचं उत्तर मसाल्यात सापडत नाही.

यंदा हिवाळ्यात आई महिनाभर आजारी होत्या. बऱ्या झाल्या, पण जेवण जाईना. पेज, लोणचं, एखादा वेर्लीचा तुकडा, बस्स. एक दिवस आपणहून म्हणाल्या, "धक्क्याकडलीं काल्वां हाड गो." त्या काही खायला मागतात याचाच घरात सगळ्यांना आनंद झाला. गावचा जुना धक्का घरापासून दहा मिनिटांवर आहे. त्याच्या खालच्या खडपावर आईंनी चाळीस वर्षं कालवं काढली. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. मी कोयता काढला, संध्याकाळी मुलीला बरोबर घेतलं आणि सुकतीला गेले.

कालवं होती. खूप होती. पूर्वी कधी बघितली नव्हती एवढी, एकावर एक, तळव्याएवढी. काढायला बायका येत नाहीत आता, हे एक कारण. दुसरं कारण मुलीनं दाखवलं. धक्क्याच्या डाव्या अंगाला पूर्वी पावसाळ्यापुरता वाहणारा एक ओहोळ आहे. तो भर हिवाळ्यात वाहत होता. पाणी राखाडी, वर साबणाचा फेस, आणि वास असा की सांगायला नको. वरच्या बाजूला गेल्या काही वर्षांत मोठी वस्ती झाली आहे, तिचं सांडपाणी. ते थेट त्या खडपावर येत होतं.

मी तिथं बराच वेळ उभी राहिले. आई घरी वाट बघत होत्या. कालवं पायाशी होती, उकळून-उकळून शिजवता आली असती. पण नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाच्या ताटात ती वाढायचं धाडस मला झालं नाही. कोयता पिशवीत ठेवला आणि आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले. नदीच्या तोंडाकडून येणारी एक ओळखीची बाई आहे, ती सांगितलं तर अख्खी कालवं आणून देते. तिच्याकडून चार डझन घेतली. घरी बसून मी आणि मुलीनं उघडली. सुकं केलं, आईंना वाढलं. त्यांनी भातात कालवून दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "बरीं आसात. पूण हीं आमचीं न्हय."

मी काहीच सांगितलं नव्हतं. जिभेला कळलं. मग मी धक्क्यावरचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आसात मगो थंय?" मी म्हटलं, आहेत, पुष्कळ आहेत. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "काल्वाक खंय पळूंक मेळटा?" कालवाला कुठं पळायला मिळतं? आणि उरलेला भात त्यांनी संपवला.

हे फक्त आमच्या धक्क्याचं दुःख आहे असं नाही. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यांतले ११ आपल्या एवढ्याशा गोव्यातले होते. आपण नद्यांविषयी बोलतो ते पूल, कॅसिनो, बार्जेस यांच्या निमित्तानं. चिखलीच्या खाडीत याच झुआरीत खिडक्यांच्या तावदानांचे पातळ शिंपले मिळतात. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्या त्यांच्या, जुन्या भिंतींचा चुना शिंपले भाजून केलेला. आता त्या तावदानांच्या शिंपल्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं आहे. खाण्याच्या कालवाला कुणी संरक्षण देणार नाही. त्याची चौकशी करणारं माणूस म्हणजे फक्त ते शिजवणारं.

म्हणून मला सांगावंसं वाटतं ते एवढंच. कालवं जरूर खा, घरी उघडून खा. महिन्यातून एकदा तासभर बसून बोटांना जरा खरचटून घेतलं तर काही बिघडत नाही. पण घेताना भाव विचारण्याआधी 'खंयचीं?' विचारा. विकणारी खरं सांगते, तिला रोज तिथंच बसायचं असतं. तिला सांगता आलं नाही तर घेऊ नका. आणि नदीच्या काठी राहत असाल तर सुकतीच्या वेळी एकदा खाली जाऊन बघा, वरून काय येतं ते. भरतीला सगळं झाकलेलं असतं.

ओहोळाचा विषय ग्रामसभेत मांडून झाला आहे. बघू म्हणाले. पुढच्या पौर्णिमेला मी आणि मुलगी परत धक्क्यावर जाणार आहोत. कोयता नेणार नाही. त्या पाण्याचे फोटो काढायचे आहेत, तारखेसकट. पुढच्या सभेत ते लागतील.